आधी खुर्ची मोजा, मग डिग्री द्या

पारोळा तालुक्यातल्या एका घरात देव्हाऱ्याशेजारच्या कोनाड्यात मरून रेक्झिनची जिल्द असलेलं एक जाडजूड बाड ठेवलेलं आहे. जिल्दीवर सोनेरी अक्षरांत मुलाचं नाव आणि त्याआधी रँक. दर दसऱ्याला त्याला हळदकुंकू लागतं, त्यामुळे वरच्या कोपऱ्यात एक पिवळट-लाल डाग कायमचा बसलाय. मुलगा लष्करात मेजर आहे, इंजिनिअर्समध्ये. लष्करानं त्याला दोन वर्षं पूर्ण पगारावर एम.टेक. करायला पाठवलं. विषय होता डोंगरउतारावरची माती आणि घाटरस्त्यांवर कोसळणाऱ्या दरडी. सीमेवरच्या रस्त्यांचं आजचं दुखणं नेमकं तेच. प्रबंध झाला, डिग्री मिळाली, गावात शाल-श्रीफळ देऊन सत्कार झाला आणि मग बदली आली ती एका सपाट शहरातल्या भरतीच्या कामावर. डोंगर सोडाच, तिथं टेकाडही नव्हतं. त्यानंतरची नेमणूक स्टोअरची. डिग्री हातात येऊन पाच वर्षं झाली, दरडीशी गाठ काही पडलेली नाही.

गेल्या दिवाळीत मी त्यांच्याकडे गेलो तेव्हा त्याच्या आईनं ते बाड माझ्यापुढं ठेवलं आणि सरळ विचारलं, “भाऊ, इतलं मोठं पुस्तक लिखं त्यानी, पन हाई वाचस कोन?”

मेजरसाहेब हसले. मी चहा प्यायलो. पण प्रश्न काही डोक्यातून गेला नाही, कारण तो एका पोराचा नाही. सैन्याधिकाऱ्यांच्या उच्च शिक्षणाकडे आपण बक्षीस म्हणून बघतो. अमक्याचा मुलगा एम.टेक. झाला, तमक्याची मुलगी तमिळनाडूतल्या वेलिंग्टनला लष्करी अधिकाऱ्यांच्या स्टाफ कॉलेजला गेली, पेपरात फोटो आला. तो किंवा ती शिकून कुठल्या खुर्चीवर बसणार, तिथं त्या शिक्षणाशिवाय काय अडलं होतं, हे कुणी विचारत नाही. माझं म्हणणं एवढंच आहे की हिशेब उलट्या बाजूनं सुरू व्हायला हवा. आधी खुर्च्या मोजाव्यात, मग वर्गातली बाकं.

हा हिशेब चुकला तर त्याची किंमत कोण मोजतं, ते आधी बघू. भूदलात अधिकाऱ्यांच्या हजारो जागा रिकाम्या आहेत, असं सरकारनंच संसदेत वेळोवेळी सांगितलंय. पायदळाच्या पलटणीला मंजूर अधिकारी वीसेक. त्यातले काही रजेवर, काही कोर्सवर, काही वरच्या मुख्यालयानं उचललेले. मग पलटणीतल्या ज्या तुकडीवर, म्हणजे कंपनीवर, मेजर असायला हवा ती चार-पाच वर्षं नोकरी झालेल्या कॅप्टनच्या गळ्यात पडते. पहाटे पाचला जळगाव-धुळ्याच्या रस्त्यांवर जी पोरं भरतीसाठी पळताना दिसतात, ती उद्या त्याच कंपनीत असणार आहेत. म्हणजे एका अधिकाऱ्याला दोन वर्षं वर्गात बसवायचं तर ती दोन वर्षं कुणाच्या तरी पदरातून काढलेली असतात. ती काढू नयेत असं मी म्हणत नाही. पण काढल्यावर त्यांचं काय झालं, ते सांगता यायला पाहिजे.

माझे वडील, आप्पा, रेल्वेत स्टेशन मास्तर होते. भुसावळ-चाळीसगाव पट्ट्यात माहेजी, कजगाव, वाघळी अशा छोट्या स्टेशनांवर त्यांची नोकरी गेली. भुसावळला रेल्वेची मोठी प्रशिक्षण संस्था आहे. जुने लोक तिला अजून ‘झेडटीएस’ म्हणतात. आप्पा तिथं कितीतरी वेळा जाऊन आले, नवीन असताना आणि पुढं रिफ्रेशरला. पण हौसेनं कुणाला तिथं पाठवलंय, असं त्यांच्या उभ्या नोकरीत घडलं नाही. जागा असायची, त्या जागेला अमुक कोर्स लागायचा, म्हणून माणूस जायचा. बरं, तिथून पास होऊन आलं तरी नव्या स्टेशनवर पहिल्या दिवशी चार्ज मिळायचा नाही. त्या स्टेशनचे नियम वेगळे, त्याची वेगळी पुस्तिका. ती वाचायची, यार्ड पायी फिरायचं, सगळं समजल्याची ॲश्युरन्स रजिस्टरमध्ये सही करायची. सही नसेल तर गाडी घेता येत नाही. बरेच दिवस त्या स्टेशनपासून लांब राहिलात तर परत वाचा आणि परत सही करा. आमच्या शेजारी राहणारे ड्रायव्हरकाका तसेच. खंडवा सेक्शनवर काही महिने गाडी नेली नाही की त्यांना पुन्हा ‘एलआर’ला, म्हणजे रस्ता शिकायला जावं लागायचं. गाडी चालवता येते की नाही हा तिथं प्रश्नच नसायचा, प्रश्न या रस्त्यावर येते का एवढाच.

यात दोन गोष्टी आहेत. शिक्षण जागेला चिकटलेलं असतं, ही एक. आणि वापरलं नाही तर ते शिळं होतं, ही दुसरी. दरडींवरचा प्रबंध पाच वर्षं कोनाड्यात ठेवलात की त्याला हळदकुंकूच लागणार.

आता थोडं गणित. आकडे माझे, निव्वळ उदाहरणाचे, पण त्यातला हिशेब खरा आहे. समजा एखाद्या विषयाच्या १२० खुर्च्या आहेत, जिथं त्या विषयातली पदव्युत्तर डिग्री खरंच लागते. एका नेमणुकीची मुदत तीन वर्षं. म्हणजे दरवर्षी ४० खुर्च्या रिकाम्या होतात आणि भराव्या लागतात. शिकून आलेला अधिकारी आयुष्यात एकदाच अशा खुर्चीवर बसणार असेल, तर दरवर्षी ४० जणांना शिकवायला हवं. कोर्स दोन वर्षांचा, तेव्हा कुठल्याही क्षणी ८० अधिकारी वर्गात. तोच अधिकारी मध्ये पलटणीत जाऊन आला आणि पुन्हा त्याच विषयाच्या खुर्चीवर दुसऱ्यांदा बसला, तर दरवर्षी २० पुरतात आणि वर्गात ४०. वाचले ४०. म्हणजे दोन पलटणींचे सगळे अधिकारी, एका विषयात. उलट, शिकलेल्यांतले निम्मे कधीच त्या खुर्चीवर बसले नाहीत तर तेवढ्याच खुर्च्या भरायला दुप्पट माणसं शिकवावी लागतात, आणि तरी कागदावर ‘आमच्याकडे एवढे एम.टेक. अधिकारी’ असा आकडा झकास दिसतो.

म्हणून आयआयटीत लष्कराला किती जागा मिळाल्या यापेक्षा, शिकलेला माणूस दुसऱ्यांदा त्याच कामावर आला की नाही, हा आकडा मला मोलाचा वाटतो. खान्देशातल्या केळी उत्पादकाला हे शिकवावं लागत नाही. टिश्यू कल्चरची रोपं तो काही महिने आधी बुक करतो, पण बुक करताना विहिरीला पाणी किती आणि ठिबक किती एकरांवर हे मोजूनच. रोपं मिळतायत म्हणून कुणी दहा हजार रोपं आणून बांधावर ठेवत नाही.

शिकायला कधी पाठवायचं हेही यातच येतं. सहा वर्षांच्या सेवेनंतर मेजर, तेराव्या वर्षी लेफ्टनंट कर्नल. पुढची कर्नलची पायरी निवडीची आणि कर्नल ५४व्या वर्षी निवृत्त. आठव्या-नवव्या वर्षी शिकवलं तर दोन खुर्च्या नक्की मिळतात, जमलं तर तिसरीही. अठराव्या वर्षी शिकवलं तर एक मिळाली तरी नशीब. शॉर्ट सर्व्हिसवाल्यांचं गणित आणखी आखूड: दहा वर्षं, फार तर चौदा. त्यांना सातव्या वर्षी दोन वर्षं शिकवून दहाव्या वर्षी निरोप दिला तर ते शिक्षण पुण्या-बंगळुरूच्या कंपनीला फुकटात मिळालं. कंपनीचं भलं झालं, माझी तक्रार नाही. पण तो खर्च संरक्षणाच्या खात्यात का मांडायचा?

कुणी म्हणेल, रेल्वेची उदाहरणं लष्कराला कशी लागू होतील. ठीक आहे, लष्कराचंच घेऊ. त्याच गणवेशात एक कोर आहे, जिथं ही व्यवस्था वर्षानुवर्षं बिनबोभाट चालू आहे: आर्मी मेडिकल कोर. तिथला डॉक्टर पुण्याच्या एएफएमसीत, म्हणजे लष्कराच्या वैद्यकीय महाविद्यालयात, किंवा दुसऱ्या मोठ्या लष्करी रुग्णालयात एम.डी., एम.एस. करतो, मग ‘ग्रेडेड स्पेशालिस्ट’ होतो, अनुभवानं ‘क्लासिफाइड स्पेशालिस्ट’ होतो आणि रुग्णालयातल्या त्याच विषयाच्या जागेवर जातो. अमुक खाटांच्या रुग्णालयाला भूलतज्ज्ञ किती, सर्जन किती, हे ठरलेलं असतं. भूलतज्ज्ञाला कुणी तीन वर्षं कॅन्टीनच्या हिशेबाला बसवत नाही, कारण बसवलं तर दुसऱ्या दिवशी ऑपरेशन थिएटर बंद पडतं आणि ते सगळ्यांना दिसतं. दरडीतज्ज्ञ चुकीच्या जागी बसला तर काहीच बंद पडत नाही. पावसाळ्यात रस्ता वाहून जातो, आणि पावसाला दोष देता येतो.

आपल्या धुळ्याचे डॉ. सुभाष भामरे २०१६ ते २०१९ संरक्षण राज्यमंत्री होते, आणि ते स्वतः कर्करोगाचे सर्जन. एका विषयात उमेदवारी करून त्याच विषयावर हात बसायला किती वर्षं जातात, हे सर्जनला कुणी सांगायला नको. ती नजर मेडिकल कोरच्या बाहेर का पोचत नाही, याचं मला कोडं आहे.

अमेरिकेनं हे कागदावर तरी फार आधी मांडलं. त्यांच्या नौदलाची पदव्युत्तर शाळा १९०९ची. १९५१पासून ती कॅलिफोर्नियातल्या मॉन्टेरे इथं आहे. तिथं ज्या जागेला पदव्युत्तर शिक्षण हवं त्या जागेवरच विषयाचा कोड आणि त्यापुढं ‘पी’ हे अक्षर लिहिलेलं असतं. अशा खुर्च्यांची उजळणी ठरावीक काळानं होते आणि त्यावरून कुठल्या विषयात किती जणांना पाठवायचं ते निघतं. शिकून आलेल्यानं लगेच किंवा त्यानंतरच्या नेमणुकीत तशा खुर्चीवर जाणं अपेक्षित असतं. १९८६च्या गोल्डवॉटर-निकल्स कायद्यानं तर सगळ्या दलांच्या संयुक्त कामाबाबत शिक्षण आणि नेमणूक यांची कायद्यानंच गाठ मारली: संयुक्त जागेवर काम केल्याशिवाय जनरलची पायरी नाही.

तिथं सगळं सुरळीत आहे असं नव्हे. खुर्चीवाल्यालाच विचारलं की तुझ्या जागेला काय शिक्षण हवं, तर तो का कमी सांगेल? पी कोड लागला की खुर्चीचा भाव वाढतो. आपल्याकडं ही यादी करायला घेतली तर शिपायाच्या टेबलालाही एम.बी.ए. लागतं असं लिहून येईल, याबद्दल मला शंका नाही. म्हणून यादी करणाऱ्यानं खुर्चीवाल्याला एकच प्रश्न विचारावा: या जागेवर वर्षभर डिग्री नसलेला हुशार अधिकारी बसवला तर नेमकं काय अडेल? उत्तर एका वाक्यात देता आलं नाही तर कोड नाही.

मग आपल्याकडं अडतं कुठं? काही जागांवर लागणारी पात्रता, ज्याला अधिकारी ‘क्यूआर’ म्हणतात, लिहिलेली असतेच. पण त्या लिहिण्याला बढतीच्या बोर्डापुढं फारसं वजन नाही. बोर्ड बघतं ते कमांड. तुकडी सांभाळताना मिळालेला ‘क्रायटेरिया रिपोर्ट’ हा खरा दाखला. पारोळ्याच्या मेजरनंच मला समजावलं: “काका, मी हट्ट करून सहा वर्षं डोंगरातल्या रस्त्यांच्या जागांवर बसलो असतो, तर माझ्या बॅचचे कमांड करून पुढं गेले असते आणि मी लेफ्टनंट कर्नल म्हणूनच घरी आलो असतो.” म्हणजे बिगर-विषयाच्या जागा त्याच्यावर लादल्या गेल्या हे अर्धसत्य. त्यानंही फार ओढून धरलं नाही. शहाण्या माणसानं तसंच केलं असतं.

यातून सुटण्याची एक वाट लष्करानं काढलेलीच आहे. गुणवत्ता तपासणीच्या महासंचालनालयात आणि डीआरडीओत काही अधिकारी कायमचे वर्ग होतात, ‘पर्मनंट सेकंडमेंट’वर. आमच्या भुसावळ-वरणगाव भागात दोन आयुध निर्माण्या आहेत, त्यामुळे काडतुसाच्या एका लॉटच्या तपासणीवर किती काय अवलंबून असतं हे इथल्या कामगार वस्तीला ठाऊक आहे. अशा कामाला तोच तोच विषय पंधरा-वीस वर्षं करणारा माणूस लागतो. तो कमांडच्या शर्यतीतून बाहेर पडतो, पण त्याला वेगळी शिडी मिळते. हीच शिडी सायबर, भूतंत्र, उपग्रह-प्रतिमा, भाषा अशा आठ-दहा विषयांपर्यंत नेता येईल. सगळ्यांना नाही, ज्यांना ती हवी त्यांनाच. मात्र शिडीला वरच्या पायऱ्या असाव्यात. दोन पायऱ्यांच्या शिडीला आमच्याकडं स्टूल म्हणतात.

या सगळ्यात विद्यापीठाचा विषय मात्र उगाच मोठा केला जातो. कारगिलनंतर के. सुब्रह्मण्यम यांच्या समितीनं राष्ट्रीय संरक्षण विद्यापीठाची गरज मांडली. २३ मे २०१३ रोजी गुरुग्रामजवळच्या बिनोला इथं पंतप्रधान मनमोहन सिंग यांच्या हस्ते कोनशिला बसली. दशकाहून जास्त काळ उलटला, विद्यापीठाचा पत्ता नाही. दरवर्षी कुणीतरी अग्रलेखात हळहळतं. मला त्याची तेवढी हळहळ वाटत नाही. शाळांची टंचाई आहे कुठं? भुसावळात उभं राहून चारी दिशांना बघा. मुंबईच्या लाइनीवर देवळालीला तोफखान्याची शाळा. धुळ्याहून आग्रा रोडनं शिरपूर, सेंधवा ओलांडून गेलं की महूला वॉर कॉलेज आणि दूरसंचाराचं कॉलेज. खंडवा-इटारसीवरून पिपरियाला उतरलं की वर पचमढीला शिक्षण कोर, तिथं परदेशी भाषा शिकवतात. पुण्यात दापोडीला सीएमई हे लष्कराचं इंजिनिअरिंग कॉलेज, गिरीनगरला डीआयएटी ही संरक्षण तंत्रज्ञानाची संस्था. वेलिंग्टनच्या स्टाफ कॉलेजची एम.एस्सी. मद्रास विद्यापीठाची, सिकंदराबादच्या संरक्षण व्यवस्थापन महाविद्यालयाची पदवी उस्मानिया विद्यापीठाची. बिनोलाला आणखी एक इमारत उभी राहिली तर या साऱ्यांच्या डोक्यावर एक कुलगुरू येईल. पारोळ्याच्या कोनाड्यातलं बाड हलणार नाही.

एक आक्षेप मात्र मला खरोखर वजनदार वाटतो. आजच्या खुर्च्या मोजून उद्याची माणसं घडवायची, तर उद्याच्या खुर्चीचं काय? वीस वर्षांपूर्वी कुणी यादी केली असती तर तिच्यात ड्रोनची खुर्ची कितवी असती? चिनी भाषा जाणणारे अधिकारी किती लागतात हे जून २०२०मध्ये गलवानला रक्त सांडल्यावर सगळ्यांच्या लक्षात आलं. भाषा काही सहा महिन्यांत येत नाही, तेव्हा प्रादेशिक सेनेनं थेट बाहेरून मँडरिन जाणणारे काही जण अधिकारी म्हणून घेतले. चांगलंच केलं. त्यातून दोन धडे निघतात. एक, प्रत्येक विषयासाठी पलटणीतला मेजर उपसायची गरज नाही. काही ज्ञान बाहेरून, अर्धवेळ गणवेशात आणता येतं. आणि दुसरा, यादीबाहेर थोडी जागा मोकळी सोडायला हवी. मी तर म्हणेन, पाचात एक जागा बिनखुर्चीची ठेवा. ज्या अधिकाऱ्याला एखाद्या विषयानं झपाटलंय त्याला तो शिकू द्या, मग तो इतिहास असो नाहीतर हवामान. अमळनेरच्या तत्त्वज्ञान मंदिरात गेल्या शतकात कुठल्या खुर्चीसाठी लोक वेदान्त शिकत होते? पण पाचात एक. पाचही तशाच असतील तर त्याला नियोजन म्हणत नाहीत.

आणि ‘शिक्षणानं एकूणच बुद्धीला धार येते’ हा युक्तिवाद करणाऱ्यांना माझा विरोध नाही, फक्त ते खातं वेगळं लिहा. वेलिंग्टनचं वर्ष हे त्या खात्यातलं. ते वरच्या कामासाठी सगळ्याच दमाच्या अधिकाऱ्यांना लागतं. दरडीवरचा एम.टेक. दरडीच्या खात्यात. दोन्ही एकाच वहीत लिहिली की कुठलंच कधी तोट्यात दिसत नाही.

खान्देशातून लोकसभेत चार खासदार जातात: जळगाव, रावेर, धुळे, नंदुरबार. संरक्षणावर प्रश्न विचारायचा म्हटलं की साधारणपणे रिक्त जागा किती, एवढंच विचारलं जातं, आणि सरकारही आकडा देऊन मोकळं होतं. त्यांपैकी एकानं येत्या अधिवेशनात एवढंच विचारावं: गेल्या दहा वर्षांत सरकारी खर्चानं पदव्युत्तर शिक्षण घेतलेले अधिकारी किती, त्यांतले तीन वर्षांच्या आत त्या विषयाच्या जागेवर किती बसले, आणि दुसऱ्यांदा किती? उत्तर आलं की त्याची एक प्रत पारोळ्याला पाठवू. मेजरची पुढची बदली मार्चमध्ये आहे. या वेळी त्यानं पसंतीच्या रकान्यात डोंगरातला रस्ता लिहिलाय.